रक्तगटाचं अक्षर आणि त्यापुढचं निगेटिव्हचं चिन्ह, दोन्ही शोधणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांची गोष्ट

तुमचं ड्रायव्हिंग लायसन्स काढा आणि त्यावरचा रक्तगट बघा. ए, बी, एबी किंवा ओ यांपैकी काहीतरी असेल आणि त्याच्या पुढे अधिक नाहीतर उण्याचं चिन्ह. आपण हे एका दमात वाचून टाकतो. बी पॉझिटिव्ह, ओ निगेटिव्ह वगैरे.

पण त्या अक्षराच्या आणि त्या चिन्हाच्या शोधामध्ये जवळपास ४० वर्षांचं अंतर आहे. आणि दोन्ही शोधांवर नाव एकाच माणसाचं आहे. कार्ल लँडस्टायनर.

अक्षराचा उपयोग सगळ्यांनाच माहीत असतो. अपघात झाला, ऑपरेशन आलं की रक्तगट विचारला जातो. उण्याच्या चिन्हाची आठवण मात्र सगळ्यात जास्त कधी येते, तर घरात कोणी गरोदर असतं तेव्हा. पहिल्या तपासणीचा रिपोर्ट हातात येतो, त्यावर निगेटिव्ह लिहिलेलं असतं आणि घरात एकदम शांतता पसरते. नवरा मोबाईलवर शोधायला लागतो. एखादी मावशी कुणाच्या तरी दुसऱ्या बाळाची गोष्ट सांगून घाबरवते. कुणीतरी विचारतंच, की हे लग्नाआधी का नाही सांगितलं?

त्या चिन्हाला घाबरायचं किती आणि त्याची काळजी घ्यायची किती, हे ज्यांच्यामुळे आपल्याला कळलं त्या माणसाची ही गोष्ट.

पत्रकाराचा मुलगा

लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी झाला. गाव ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नाच्या जवळचं, बाडेन. वडील लिओपोल्ड हे व्हिएन्नातले नावाजलेले पत्रकार आणि वृत्तपत्र प्रकाशक. पण कार्ल ६ वर्षांचे असतानाच वडील गेले. पुढे आई फॅनी यांनी मुलाला एकटीने वाढवलं.

या मायलेकांचं नातं फार घट्ट होतं. आई गेल्यावर तिच्या चेहऱ्याचा साचा काढून घेतला होता, तो लँडस्टायनर यांनी आयुष्यभर आपल्या खोलीतल्या भिंतीवर ठेवला. देश बदलले, घरं बदलली, पण तो साचा सोबत राहिला.

१८९१ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. आता दवाखाना थाटायचा, पेशंट बघायचे, हा सरळ मार्ग होता. लँडस्टायनर यांनी तो सोडला आणि पुढची काही वर्षं ते रसायनशास्त्र शिकत बसले. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगशाळांमध्ये त्यांनी काम केलं. त्यांच्या शिक्षकांमध्ये एमिल फिशर होते, ज्यांना पुढे रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

शरीरात जे घडतं त्यामागे शेवटी कोणता तरी पदार्थ दुसऱ्या कोणत्या तरी पदार्थाला ओळखत असतो, ही नजर त्यांना तिथे मिळाली. त्यांचं पुढचं सगळं काम या एका प्रश्नाभोवती फिरत राहिलं. शरीर आपलं आणि परकं कसं ओळखतं?

२२ जणांचं रक्त

तेव्हा रक्त देणं म्हणजे जुगार होता. एकाचं रक्त दुसऱ्याला दिलं की कधी पेशंट तरतरीत व्हायचा, तर कधी थंडी वाजून, ताप येऊन, लघवी काळी पडून मरायचा. असं का होतं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यामुळे बहुतेक डॉक्टर त्या भानगडीत पडेनासे झाले होते.

दोन माणसांचं रक्त एकत्र केलं की कधीकधी त्याच्या गुठळ्या होतात, हे दिसत होतं. पण ते आजारपणाचं लक्षण असावं असा समज होता. लँडस्टायनर यांनी वेगळा विचार केला. आजारी माणसं बाजूला ठेवली आणि धडधाकट माणसांचं रक्त घेतलं. त्यात त्यांचं स्वतःचं रक्त होतं, प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचं होतं. एकूण २२ जण.

प्रत्येकाच्या रक्तातल्या लाल पेशी वेगळ्या केल्या आणि वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, वेगळं केलं. मग याच्या पेशी त्याच्या सीरममध्ये, त्याच्या पेशी याच्या सीरममध्ये, असं सगळं मिसळून तक्ता मांडला. कुठे गुठळ्या झाल्या तिथे अधिक, नाही झाल्या तिथे उणे.

तक्ता भरल्यावर त्यात एक नक्षी दिसली. माणसांचे सरळ ३ गट पडत होते. १९०१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. गटांची नावं ए, बी आणि सी. या सीलाच आपण आज ओ म्हणतो. एबी हा चौथा गट पुढच्याच वर्षी डेकास्टेलो आणि स्टुर्ली या दोघांना सापडला.

लँडस्टायनर तेव्हा ३३ वर्षांचे होते. शोध जगाला हादरवणारा होता, पण जग काही हादरलं नाही. रुग्णालयांत रक्त देण्याआधी गट तपासायची पद्धत रुळायला बरीच वर्षं गेली.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ज्याचा गट ओ, त्याच्या रक्तात ए आणि बी या दोन्ही गटांच्या विरोधातल्या अँटीबॉडी आधीपासून तयारच असतात. त्यासाठी त्याला कधी परकं रक्त मिळालेलं असावं लागत नाही. परकी पेशी दिसली की या अँटीबॉडी लगेच तिच्यावर तुटून पडतात.

हुशारी होती, खिसा रिकामा

१८९८ ते १९०८ ही १० वर्षं लँडस्टायनर व्हिएन्नात शवविच्छेदन करत होते. या काळात त्यांनी ३,६०० हून अधिक शवविच्छेदनं केली. त्यातून वेळ काढून संशोधन सुरूच.

१९०८ मध्ये पोलिओने गेलेल्या एका मुलाच्या मज्जारज्जूचा अंश त्यांनी आणि एर्विन पॉपर यांनी माकडांना टोचला आणि माकडांना तोच आजार झाला. पोलिओ संसर्गाने होतो आणि तो करणारा जंतू नेहमीच्या जिवाणूंपेक्षा वेगळा, म्हणजे विषाणू आहे, हे समजून घेण्याची सुरुवात इथून झाली. एका माणसाच्या नावावर एवढं काम पुरेसं असतं. लँडस्टायनर यांच्या बाबतीत ती मधली एक पायरी होती.

१९११ मध्ये त्यांना प्राध्यापक हे पद मिळालं, पण त्याला साजेसा पगार मिळाला नाही. १९१६ मध्ये, ऐन पहिल्या महायुद्धात, हेलेन व्लास्टो यांच्याशी त्यांचं लग्न झालं. पुढच्या वर्षी मुलगा झाला. युद्ध संपलं तेव्हा ऑस्ट्रियाचं साम्राज्य मोडून पडलं होतं. व्हिएन्नात खायचे वांधे होते, जळणाची टंचाई होती. संशोधनाला पैसा कोण देणार?

पन्नाशी ओलांडलेला हा शास्त्रज्ञ बायको आणि लहानग्याला घेऊन नेदरलँड्समधल्या हेग शहरात गेला. तिथे एका छोट्या रुग्णालयात लघवी आणि रक्ताच्या रोजच्या तपासण्या करण्याचं काम मिळालं. ज्या माणसाने जगाला रक्तगट दिले, तो घर चालवण्यासाठी हे करत होता. तरी उरलेल्या वेळात प्रयोग चालूच होते.

शेवटी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटचं बोलावणं आलं आणि १९२३ मध्ये ते अमेरिकेत पोचले. १९२९ मध्ये तिथलं नागरिकत्व मिळालं आणि १९३० मध्ये नोबेल. कशासाठी? २९ वर्षांपूर्वी लावलेल्या रक्तगटांच्या शोधासाठी.

लँडस्टायनर यांना स्वतःला मात्र आपलं दुसरं काम जास्त मोलाचं वाटायचं. अँटीबॉडी नेमक्या एकाच पदार्थाला कशी ओळखते, यावरचं. स्वभावाने ते लाजाळू आणि गंभीर होते. पियानो उत्तम वाजवायचे. समारंभ, सत्कार यांपासून चार हात लांबच राहायचे.

न्यूयॉर्कमधलं एक बाळंतपण

आता थोडं लँडस्टायनर यांच्यापासून बाजूला जाऊ, कारण या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा पेशंट त्यांच्याकडे आलेला नव्हता.

रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये लँडस्टायनर यांच्या हाताखाली फिलिप लेव्हिन नावाचे तरुण डॉक्टर होते. दोघांनी मिळून १९२७ मध्ये एम, एन आणि पी हे रक्तातले आणखी घटक शोधले होते. पुढे लेव्हिन दुसरीकडे गेले, पण रक्तगटांचा नाद सुटला नाही.

१९३७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका बाईचं दुसरं बाळंतपण बिघडलं. बाळ पोटातच गेलं होतं. तिला खूप रक्तस्राव झाला, म्हणून नवऱ्याचं रक्त दिलं. दोघांचाही गट ओ. म्हणजे तेव्हाच्या ज्ञानाप्रमाणे काही अडचण नव्हती. पण रक्त चढवल्यावर तिची प्रकृती एकदम ढासळली.

लेव्हिन आणि स्टेटसन यांनी तिचं सीरम तपासलं. त्यात नवऱ्याच्या लाल पेशींच्या गुठळ्या होत होत्या. मग ए-बी-ओच्या हिशेबात बसणाऱ्या १०४ जणांचं रक्त तपासलं, तर त्यांपैकी ८० जणांच्या रक्तातही तेच झालं. म्हणजे बहुतेक लोकांच्या रक्तात असा काहीतरी घटक होता, जो या बाईच्या रक्तात नव्हता. आणि तिच्या शरीराने त्या घटकाविरुद्ध अँटीबॉडी बनवल्या होत्या.

पण कधी बनवल्या? तिला तर आधी रक्त दिलेलंच नव्हतं. १९३९ मध्ये या दोघांनी उत्तर मांडलं. तो घटक बाळाला बापाकडून मिळाला असणार आणि आईच्या शरीराने तो पोटातल्या बाळाकडूनच ओळखला असणार. मात्र त्या घटकाला त्यांनी नाव दिलं नाही.

माकड, ससा आणि उण्याचं चिन्ह

त्याच सुमारास लँडस्टायनर निवृत्त झाले होते. म्हणजे कागदावर. वयाची सत्तरी ओलांडली होती, तरी ते रोज प्रयोगशाळेत यायचे. सोबत अलेक्झांडर वीनर हे तरुण सहकारी होते.

दोघं ऱ्हीसस माकडाचं रक्त सशांना टोचत होते. हे माकड म्हणजे उत्तर भारतात देवळांच्या आणि स्टेशनांच्या आसपास दिसणारं लाल तोंडाचं माकड. सशाचं शरीर त्या परक्या रक्ताविरुद्ध अँटीबॉडी बनवायचं. मग सशाचं ते सीरम माणसांच्या रक्तात मिसळून बघायचं.

न्यूयॉर्कमधल्या गोऱ्या लोकांचं रक्त तपासलं, तर साधारण ८५ टक्के लोकांच्या रक्तात गुठळ्या झाल्या आणि १५ टक्के लोकांच्या रक्तात झाल्या नाहीत. ए-बी-ओशी याचा काही संबंध लागत नव्हता. हा नवाच घटक होता. माकडाच्या नावातली पहिली दोन इंग्रजी अक्षरं घेऊन त्याला आरएच म्हटलं गेलं. ज्यांच्याकडे तो आहे ते पॉझिटिव्ह, ज्यांच्याकडे नाही ते निगेटिव्ह. साल १९४०.

लगेच धागे जुळले. १९४१ मध्ये लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ज्या आयांची बाळं पोटात किंवा जन्मल्यावर रक्त कमी होऊन, कावीळ होऊन जातात, त्यांतल्या बहुसंख्य आया आरएच निगेटिव्ह आहेत आणि बाळं पॉझिटिव्ह.

हा शोध पहिल्यांदा कुणी लावला यावरून पुढे लेव्हिन आणि वीनर यांच्यात वर्षानुवर्षं वाजलं. गंमत म्हणजे नंतर कळलं, की सशांच्या सीरमने ओळखलेला माकडाचा घटक आणि आयांच्या अँटीबॉडी ज्याला ओळखतात तो माणसाचा डी घटक, हे तंतोतंत एक नाहीत. पण तोपर्यंत आरएच हे नाव जगभर रुळलं होतं, ते तसंच राहिलं. माकडाच्या त्या घटकाला मग एलडब्ल्यू हे नाव मिळालं. लँडस्टायनर आणि वीनर यांच्या आडनावांवरून.

पोटात नेमकं काय होतं?

हा भाग नीट वाचा, कारण सगळे गैरसमज इथेच आहेत.

आरएच निगेटिव्ह असणं हा आजार नाही. रक्तात काही कमी आहे, रक्त अशक्त आहे, असं काही नसतं. लाल पेशीच्या पृष्ठभागावर डी नावाचं एक प्रथिन नसतं, इतकंच. युरोपीय वंशाच्या लोकांत १०० मध्ये साधारण १५ जण असे असतात, भारतात साधारण ५.

आई निगेटिव्ह असेल आणि वडीलही निगेटिव्ह असतील, तर बाळ निगेटिव्हच असतं. तिथे हा प्रश्नच येत नाही. आई पॉझिटिव्ह असेल तरी हा प्रश्न येत नाही, वडील कोणत्याही गटाचे असोत. आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील, तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. लक्ष ठेवायचं ते या एका जोडीवर.

आईचं आणि बाळाचं रक्त वारेमुळे वेगळं राहतं. पण बाळंतपणात, गर्भपातात किंवा रक्तस्राव झाल्यावर बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात शिरतात. आईच्या शरीराला त्या परक्या वाटतात. शरीर त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवायला शिकतं. या शिकण्याला वेळ लागतो, तोवर पहिलं बाळ जन्मून घरी गेलेलं असतं. म्हणून पहिलं बाळ बहुतेक वेळा सुखरूप असतं.

पण शरीर एकदा शिकलं की विसरत नाही. पुढच्या खेपेला बाळ पुन्हा पॉझिटिव्ह असेल, तर याच अँटीबॉडी वार ओलांडून बाळापर्यंत पोचतात आणि त्याच्या लाल पेशी फोडायला लागतात. बाळाचं रक्त कमी होतं, जन्मल्यावर तीव्र कावीळ होते, ती मेंदूपर्यंत जाऊ शकते. फार बिघडलं तर बाळाच्या अंगात पाणी साठतं आणि ते पोटातच जातं.

१९४० च्या आधी हे कुणालाच माहीत नव्हतं. पहिलं मूल चांगलं, दुसरं पिवळं पडून गेलं, तिसरं पोटातच गेलं. अशा घरात बोट कुणाकडे दाखवलं जात असेल हे सांगायला नको. कुणाची नजर, कुणाचा शाप, कुणाचं पाप. आणि जिची कूस तीनदा रिकामी झाली, तिच्याच माथी दोष.

प्रयोगशाळेतल्या त्या गुठळ्यांनी सांगितलं, की यात दोष कुणाचाच नाही. ना आईचा, ना बापाचा.

पहिला शोध शेवटच्या शोधाच्या मदतीला आला

२४ जून १९४३ रोजी लँडस्टायनर नेहमीप्रमाणे प्रयोगशाळेत काम करत होते. हातात पिपेट होतं. तिथेच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. दोन दिवसांनी, २६ जूनला ते गेले. वय ७५. पत्नी हेलेन यांना थायरॉइडचा कर्करोग झाला होता आणि शेवटच्या काळात लँडस्टायनर त्या रोगावरही काम करत होते. त्याच वर्षीच्या नाताळात हेलेनही गेल्या.

आरएचच्या बाळांना वाचवण्याचा उपाय लँडस्टायनर यांना बघायला मिळाला नाही. कारण तेव्हा उपाय नव्हताच. कारण कळलं होतं, इलाज नव्हता.

पुढच्या काही वर्षांत जन्मलेल्या बाळाचं जवळपास सगळं रक्त बदलण्याची पद्धत आली. १९६३ मध्ये न्यूझीलंडच्या विल्यम लायली यांनी पोटातल्या बाळालाच रक्त देऊन दाखवलं. पण हे सगळं आग लागल्यावर विझवणं होतं. आग लागूच नये यासाठी काय करायचं?

इथे ती मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट येते.

लेव्हिन यांच्या ध्यानात आलं होतं, की आई निगेटिव्ह असली तरी काही जोडप्यांत हा त्रास कमी दिसतो. कोणत्या जोडप्यांत? जिथे आईचा आणि बाळाचा ए-बी-ओ गटही जुळत नाही तिथे. समजा आई ओ निगेटिव्ह आणि बाळ ए पॉझिटिव्ह. बाळाच्या पेशी आईच्या रक्तात शिरल्या की आईकडच्या ए विरोधी तयार अँटीबॉडी त्यांचा लगेच फडशा पाडतात. आईच्या शरीराला आरएचची ओळख पटण्याआधीच त्या पेशी संपलेल्या असतात. शिकायला पाहुणा शिल्लकच राहत नाही.

१९६० च्या आसपास इंग्लंडमधल्या लिव्हरपूलमध्ये रोनाल्ड फिन आणि सिरिल क्लार्क यांनी यावरून एक विचार केला. निसर्ग जे काही आयांच्या बाबतीत करतो, ते आपण सगळ्यांच्या बाबतीत का करू नये? बाळंतपणानंतर आईला बाहेरून तयार डी विरोधी अँटीबॉडी टोचायच्या. त्या बाळाच्या पेशी संपवतील आणि आईचं शरीर स्वतःच्या अँटीबॉडी बनवायला शिकणारच नाही. न्यूयॉर्कमध्ये फ्रेडा, गोरमन आणि पोलॅक हे तिघं वेगळ्या वाटेने याच उत्तरापर्यंत पोचले होते. १९६८ मध्ये अमेरिकेत हे इंजेक्शन वापरात आलं. त्यालाच आपले डॉक्टर अँटी-डी म्हणतात.

म्हणजे बघा. लँडस्टायनर यांच्या म्हातारपणच्या शोधाने आजाराचं कारण सांगितलं. त्यावरचा उपाय सुचायला मात्र त्यांच्या तरुणपणच्या शोधाची मदत झाली.

मग आज काय करायचं?

गोष्ट इथे संपवता आली असती. पण निगेटिव्हचा रिपोर्ट हातात घेऊन कुणी हे वाचत असेल, तर पुढचं त्यांच्यासाठी.

गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत रक्तगट तपासला जातो. तुम्ही निगेटिव्ह असाल तर नवऱ्याचाही गट तपासून घ्या. नवरा पॉझिटिव्ह असेल तर डॉक्टर तुमची एक रक्ततपासणी करायला सांगतात, तिचं नाव इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट, रिपोर्टवर बहुधा आयसीटी. तुमच्या शरीरात डी विरोधी अँटीबॉडी आधीच तयार झाल्या आहेत का, हे त्यातून कळतं.

त्या नसतील, तर साधारण २८ व्या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शन देतात. बाळ जन्मलं की त्याचा गट तपासतात. बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा इंजेक्शन. काही कारणाने ७२ तास उलटले तर आता काय उपयोग, असं म्हणून घरी बसू नका, डॉक्टरांना विचारा. उशिरा दिलेल्या इंजेक्शनचाही काही उपयोग होऊ शकतो.

सगळ्यात जास्त सुटतं ते पुढचं. गर्भपात झाला, करून घेतला, गर्भ नळीत राहिला, मध्येच रक्तस्राव झाला किंवा पोटावर मार बसला, तरी बाळाच्या पेशी आईच्या रक्तात शिरू शकतात. अशा वेळी आपला गट निगेटिव्ह आहे हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. गर्भपाताबद्दल घरात न बोलण्याची आपल्याकडे सवय आहे. ती सवय पुढच्या बाळाला महागात पडू शकते.

हे इंजेक्शन एकदा घेतलं की जन्माचं काम झालं, असंही नाही. टोचलेल्या अँटीबॉडी काही महिन्यांत विरून जातात. म्हणून प्रत्येक गरोदरपणात पुन्हा घ्यावं लागतं. पहिल्या वेळी सगळं व्यवस्थित झालं म्हणून दुसऱ्या वेळी टाळायचं, हा हिशेब उलटा आहे. धोका दुसऱ्या बाळालाच जास्त असतो.

आणि शरीरात अँटीबॉडी आधीच तयार झाल्या असतील तर? मग अँटी-डीचा उपयोग होत नाही. पण तिथेही सगळं संपलं असं नसतं. सोनोग्राफीने बाळाच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग मोजून त्याचं रक्त कमी झालंय का ते बघता येतं, गरज पडली तर पोटातच रक्त देता येतं. त्यासाठी ही सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात वेळेत पोचणं महत्त्वाचं.

आता तो लग्नाचा मुद्दा. नवरा-बायकोचा रक्तगट एकच असेल तर मुलांना त्रास होतो, हा समज पूर्णपणे चुकीचा आहे. आणि मुलगी निगेटिव्ह आहे म्हणून स्थळ नाकारायचं, यालाही अर्थ नाही. एक रक्ततपासणी आणि वेळेवर इंजेक्शन, एवढ्याने बहुतेक प्रश्न सुटतो.

त्यांच्या वाढदिवसाला काय असतं?

लँडस्टायनर यांचा चेहरा पुढे ऑस्ट्रियाच्या १,००० शिलिंगच्या नोटेवर आला. त्यांचा जन्मदिवस, १४ जून, २००४ पासून जगभर जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडेही त्या दिवशी शिबिरं भरतात, फोटो निघतात, स्टेटस पडतात.

अँटी-डीचं इंजेक्शन माणसांच्याच रक्तातून येतं, हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं. ज्यांच्या शरीरात या अँटीबॉडी आहेत, अशा लोकांनी दिलेल्या प्लाझ्मापासून ते बनतं. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांनी यासाठी १,१७३ वेळा रक्तदान केलं. २०२५ मध्ये ते गेले. या इंजेक्शनमागे अशा लोकांनी दिलेल्या वेळेचा मोठा वाटा आहे.

वडील गेल्यावर आईने एकटीने वाढवलेल्या एका मुलाने आयुष्यभर रक्ताच्या गुठळ्या मोजल्या. त्यातून कळलं, की बाळं का जातात. पुढच्यांनी त्यावर उपाय शोधला. आता आपल्याकडे उरलंय ते सगळ्यात सोपं काम. रिपोर्टवरचं चिन्ह बघायचं, न घाबरता डॉक्टरांना दाखवायचं आणि २८ वा आठवडा आणि ते ७२ तास विसरायचे नाहीत.

तुमच्या घरात, मैत्रिणींत कुणी निगेटिव्ह असेल, तर तिला एवढं नक्की सांगा.